मॅडमचा वाटा

दिपालीने खिडकीजवळच्या कॉम्प्युटरवरचं प्लास्टिक काढलं, त्याची घडी घातली, रिकाम्या खुर्चीकडे जरा वेळ बघितलं आणि तेच प्लास्टिक उलगडून पुन्हा कॉम्प्युटरवर घातलं. ती जागा मृणालीची. मृणाली आजही आली नव्हती.

एकट्या मृणालीचंच काय, अख्ख्या वर्गाचं तेच झालं होतं. आत्ताआत्तापर्यंत या खोलीत एका खुर्चीवर दोघं-दोघं बसायची. मागे उभी राहिलेली पोरं पुढच्याच्या खांद्यावरून बोट दाखवून चुका काढायची, आणि 'एकेकाने बोला' हे दिपालीला इतक्यांदा म्हणावं लागायचं की झोपेतही ती तेच म्हणत असावी. आज समोर तिघं होती. त्यांतला कमलेश शिकण्यापेक्षा पंख्याखाली बसायला येतो, हे त्यानेही नाकारलं नसतं.

"मृणालीला बरं नाही का?" दिपालीने त्याला विचारलं.

"बरी हाय."

"मग?"

कमलेश की-बोर्डाकडे बघत राहिला. कोळीवाड्यातल्या पोराला एखादी गोष्ट सांगायची नसली, की त्याच्याकडून ती काढून घेणं म्हणजे खडकाला चिकटलेलं कालव नखाने सोडवणं. दिपालीने नाद सोडला आणि त्याला पडद्यावर तक्ता कसा आखायचा ते पुन्हा पहिल्यापासून दाखवलं.

वर्ग भरायचा तो अलिबागच्या कोळीवाड्यात, मच्छीमार सोसायटीच्या वरच्या मजल्यावर. खाली बर्फाच्या पेट्या, डिझेलचे पिंप आणि जाळ्यांचे ढीग, वर कुणा बँकेने बदलून टाकलेले जुने कॉम्प्युटर. खाऱ्या वाऱ्याने त्यांची बटणं अडकायची. मग सुट्टीच्या दिवशी दिपाली जुना टूथब्रश घेऊन बसायची आणि एकेक बटण उचकटून साफ करायची. ती कलेक्टर कचेरीत कारकून होती. दिवसभर तिथल्या कॉम्प्युटरसमोर डोळे फोडायचे आणि सुटल्यावर चहासुद्धा न घेता या खटाऱ्यांसमोर येऊन बसायचं, तेही एक पैसा न घेता. कचेरीतले लोक याला खूळ म्हणत. खूळच होतं ते. पण असली खुळं माणसांत थोडी जास्त असती तर बरं झालं असतं.

ते तिच्या डोक्यात शिरलं झेरॉक्सच्या दुकानात. तळा या आपल्या गावाहून नोकरीसाठी ती नुकतीच अलिबागला आली होती. दुकानात एक मुलगी अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज भरून घेत होती. मुलीच्या हातात चांगला मोबाईल, त्यावर तिची बोटं अशी चालत होती की बघत राहावं. पण दुकानदाराने घाईघाईत तिची शाखाच चुकीची टाकली, आणि समोरच्या पडद्यावर ती कुठे बघायची हे काही तिला कळेना. दिपालीने मध्ये पडून ती चूक दाखवली. ती मुलगी म्हणजे मृणाली. "आमाला कोन शिकवलंय हे?" असं ती म्हणाली होती, तक्रारीने नव्हे, अगदी सहज. दिपाली त्या रात्री नीट जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी ती मृणालीच्या आजोबांकडे गेली. हरेश्वर तांडेल जन्मभर नाव चालवून आता किनाऱ्याला लागलेले, सोसायटीचे चेअरमन. नाव आता त्यांचा मुलगा चालवत होता आणि मासळी सून, म्हणजे मृणालीची आई तुळशी, विकत होती. म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं. याआधीही पनवेलकडची कुठली तरी संस्था इथे गाडी घेऊन आली होती, बॅनर लागला, फोटो निघाले, पोरं रमली. आणि एका सकाळी पोरं वर गेली तर खोलीत खुर्च्यासुद्धा नव्हत्या. हे त्यांनी दिपालीला सांगितलं आणि वर चावीही दिली.

"खोली घ्या. पोरं टिकतील. तुमी टिकताव का, ते बगू."

आणि दिपाली टिकली. पहिल्या दिवशी पोरांनी माउस उचलून पडद्यावर टेकवला. कुणी पडदाच बोटाने सरकवून बघितला आणि तो सरकेना म्हटल्यावर कॉम्प्युटर बिघडलाय असं जाहीर केलं. दिपाली हसली नाही. तिने पोरांना त्यांच्याच वस्तू लिहायला दिल्या: नावांची नावं, जाळ्यांचे प्रकार, डिझेलचा खर्च, भरती-ओहोटीच्या वेळा. दोन बोटांनी ठोकणारी पोरं दहा बोटांवर आली. एकाने बारावीनंतरचा अर्ज स्वतः भरला आणि दुकानदाराला नुसता छापून द्यायला सांगितला, तेव्हा त्या पोराची आई वर्गाच्या दारात येऊन नुसतीच उभी राहिली होती.

मृणालीचं तर विचारायलाच नको. एकदा तिने आजोबांच्या नावेच्या वाट्यांचा तक्ता केला. मासळी विकून आलेल्यातून नावेचा वाटा, जाळ्याचा वाटा, तांडेलाचा म्हणजे नाव चालवणाऱ्याचा, मग एकेका खलाशाचा. एका खलाशाला ताप आला म्हणून तो घरीच होता, तरी त्याच्या नावापुढेही वाटा होताच.

"हा तर गेलाच नव्हता ना? मग याला कसा?" दिपालीने विचारलं होतं.

"नावेवरचा हाय ना तो," मृणाली म्हणाली आणि पुढच्या ओळीकडे वळली.

दिपालीला तिने बेरजेचं सूत्र कसं बरोबर बसवलं याचंच कौतुक. पोरगी काय बोलून गेली याकडे तिचं लक्ष नव्हतं.

मासळीची कथा निराळी. वर्ग सुरू झाला त्याच आठवड्यात एका मुलाने वर्तमानपत्रात गुंडाळलेले बोंबील आणले. मग तळलेली मांदेली आली, एकदा बादलीत जिवंत शेवंड आली आणि वर्गभर फिरली. दिपालीने हसतहसत सगळं परत पाठवलं. एक तर ती माळकरी घरातली, मासळीचा वाससुद्धा तिने इथे येऊन पहिल्यांदा जवळून घेतला. आणि दुसरं, खरं कारण म्हणजे तिचे वडील. तळ्याच्या शाळेत ते शिपाई होते. कुणाचा पोरगा दाखला घ्यायला आला आणि त्याने गुळाची ढेप आणली, तर तीही ते परत करत. फुकट म्हणजे फुकट, हे तिने घरातून आणलं होतं. "क्लास मोफत आहे, आईला सांग," असं म्हणून ती पिशवी त्याच पोराच्या हातात देई. जरा जास्तच ताठ होती ती. चांगल्या माणसांना चांगुलपणाचाही ताठा येतो.

यंदा नारळी पौर्णिमा झाली, नावा पाण्यात गेल्या, आणि पहिली मासळी आल्याच्या संध्याकाळी मृणाली नवा ड्रेस घालून वर्गात आली. हातात सूप, त्यात हळदकुंकू लावलेला नारळ आणि त्याच्या शेजारी केळीच्या पानावर पापलेटासारखे दोन मोठे हलवे. तिच्यामागे दोन-तीन बायका जिन्यात थांबल्या होत्या. दिपालीला भरून आलं. तिने नारळ उचलून कपाळाला लावला, ठेवून घेतला, आणि मासे पानासकट परत दिले.

"हे नको गं. देवाचं आहे ते घेते," ती म्हणाली.

मृणालीने पान पुन्हा सुपात ठेवलं. जिन्यातल्या बायका खाली उतरल्या. त्यानंतर वर्ग ओसरायला लागला. आधी मुली, मग धाकटी मुलं, मग जवळजवळ सगळेच. भांडण नाही, तक्रार नाही. वाटेत भेटलं की सगळे हसून बोलायचे, मॅडम जेवलात का विचारायचे. फक्त पोरं येत नव्हती.

वर्ग असा ओसरत असतानाच तळ्याहून आईचा फोन आला. दिपालीची विनंती बदली मंजूर झाली होती. कचेरीतल्या तिच्या ओळखीच्या माणसाने तिच्याआधी आईलाच कळवलं होतं. अलिबागला आल्यावर पहिले काही महिने दिपाली रोज रडायची, तेव्हा तिने तो अर्ज केला होता आणि नंतर विसरून गेली होती. आई विसरली नव्हती. तिचे गुडघे गेले होते, वडील आता फारसे बोलत नसत, आणि मागच्या खोलीला आईने दिपालीसाठी रंगही देऊन घेतला होता. पिवळा, तुला आवडतो तसला, असं ती म्हणाली. बदली घ्यायची की नाकारायची हे सोमवारी कचेरीला लिहून द्यायचं होतं.

दिपालीने कोळीवाड्यात कुणाला काही सांगितलं नाही. सांगणार काय, तिचं तिलाच ठरत नव्हतं. पण वर्ग रिकामा होत गेला तसं तिच्या मनात एक वाईट विचार यायला लागला. पोरंच येत नाहीत, मग सोडून जायचं कुणाला? जड ओझं आपोआप उतरत असेल तर उतरू द्यावं. हा विचार तिला सोयीचा वाटला, आणि सोयीचा वाटला म्हणूनच टोचत राहिला. खिडकीजवळच्या त्या खुर्चीचं काय करायचं हे काही त्यात बसत नव्हतं.

शनिवारी कचेरीला सुट्टी. दुपार कलल्यावर ती वर्गाकडे न जाता सरळ धक्क्यावर गेली. नावा यायची वेळ होत होती. बायका पाट्या घेऊन बसल्या होत्या, बर्फ फोडणं चाललं होतं, आणि धक्क्याच्या टोकाला मृणाली काही मैत्रिणींबरोबर उभी होती. तिने दिपालीला पाहिलं आणि मान फिरवली. दिपालीला कुणी थोबाडीत दिली असती तर इतकं लागलं नसतं.

तुळशीने तिला बसायला एक पालथी पाटी दिली. शेजारी हरेश्वर जाळ्याचा फाटका भाग विणत बसले होते. इकडचं तिकडचं बोलणं झालं. तुळशीने तिची तब्येत विचारली, घरच्यांची विचारली. शेवटी दिपालीला राहवलं नाही.

"तुळशीताई, माझं काही चुकलं का? मी मृणालीला काही बोलले का?"

"तुमाला बोल लावनार कोन? पोरीला तर तुमचंच येड. रातचं सपनात बटनं मारते."

"मग ती येत का नाही?"

तुळशीने सासऱ्याकडे बघितलं. मग पदराने हात पुसले.

"तुमी जाताव ना, म्हनून."

 बदलीचं हिला कुणी सांगितलं? कचेरीतून कोणी बोललं असणार, दुसरं काय. तिने विचारलं, कोण म्हणालं मी जाते?

"तुमीच."

"मी? कधी?"

"मोसमाचा पयला वाटा परत केलाव तवा."

दिपालीला अजून काही कळेना. तेव्हा हरेश्वरांनी सुई खाली ठेवली आणि सांगायला सुरुवात केली. सावकाश सांगत होते, मधूनमधून समुद्राकडे बघत. नवा मोसम लागला की पहिल्या मासळीचे वाटे नुसती मासळी म्हणून देत नाहीत. ज्याने आपला वाटा उचलला तो मोसमभर त्या नावेचा. वारा असो, ताप असो, मासळी लागो न लागो, तो नावेवरचा. आणि ज्याला नाव सोडायची असेल तो तोंडाने बोलत नाही. तोंडाने बोललं की कारण सांगावं लागतं, कारण सांगितलं की दोघांनाही लागतं. तो आपला वाटा तिथेच ठेवतो आणि घरी जातो. तांडेल समजतो. मागे फिरून कुणी त्याला विचारत नाही, आणि वाटेत भेटला तर पूर्वीसारखंच हसून बोलतात.

"पयल्या साली तुमी पावनी व्हताव. पावना न्हाय घेत, चालतं," ते म्हणाले. "औंदा आमी तुमाला पावनी न्हाय धरली."

दिपालीने तळहात तोंडावर ठेवला. जिन्यात थांबलेल्या बायका तिच्या डोळ्यांसमोर आल्या. नारळ उचलून तिने कपाळाला लावला होता. त्याच हाताने मासे परत केले होते, हसून. तिला वाटलं होतं आपण काही घेत नाही. आणि त्यांनी बघितलं होतं की ही चालली.

"पण मग पोरांना का थांबवलंत?" तिने विचारलं. "मी होते ना वर. रोज होते."

याचं उत्तर तुळशीने दिलं, पण दिपालीकडे न बघता.

"जानाऱ्याचे पाय धरू नयेत. पोरं रोज समोर बसली असती, तर तुमाला जायला जड गेलं असतं. आनी पोरांनाबी. मागचे गेले तवा ही मृणाली आठ दिस जेवली न्हवती."

म्हणजे हा राग नव्हता. ही त्यांची रीत होती, तिला मोकळं करण्याची. आपल्या पोरांचं नुकसान सोसून या लोकांनी तिची वाट सोपी करून ठेवली होती, आणि ती मात्र रिकाम्या खुर्च्या मोजत मनातल्या मनात त्यांच्यावर रुसली होती. दिपालीला लाज वाटली आणि त्याहून जास्त, या माणसांचं काय करावं तेच कळेना. मृणाली का येत नाही हे तिने कमलेशला विचारलं तेव्हा तो गप्प बसला होता, तोही त्या रीतीतच. मग कमलेश तरी कसा येत राहिला, असं तिने डोळे पुसत विचारलं.

"त्यो कुनाचं आयकतो?" तुळशी म्हणाली, आणि दोघीही हसल्या.

हसून झाल्यावर दिपालीने सगळं सांगून टाकलं. बदली मंजूर झाली आहे. मासे परत केले तेव्हा आदेश आला नव्हता, पण अर्ज तिचाच होता. सोमवारी उत्तर द्यायचंय. आईचे गुडघे, वडिलांचं न बोलणं, पिवळा रंग. हरेश्वर ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी सुई पुन्हा हातात घेतली.

"जावा मंग. आई-बापाकडं जानाऱ्याला दर्या बी अडवत न्हाय."

त्यात टोमणा नव्हता. असता तर दिपालीला सोपं गेलं असतं. म्हातारा मनापासून बोलत होता, आणि त्याच्या मनापासून बोलण्याने तिचे सगळे दोर सैल झाले होते. आता ती खरंच मोकळी होती. तळ्याला जाऊ शकत होती, कुणाचा रोष न घेता, मान वर करून. आणि आता, सगळं मोकळं असताना, तिला पहिल्यांदा स्पष्ट कळलं की तिला जायचं नाहीये.

"बाबा, परत केलेला वाटा पुन्हा मिळतो का?"

म्हाताऱ्याने मान हलवली.

"मागून न्हाय."

"मग?"

"दोराला हात लावला त्याला वाटा. दुसरी वाट न्हाय."

एवढ्यात धक्क्यावर गलका झाला. हरेश्वरांची नाव आत शिरत होती. नाळेवर, नावेच्या पुढच्या टोकाला, उभ्या असलेल्या माणसाने दोराचं वेटोळं खांद्यावरून उतरवलं. बायका उठल्या, पाट्या सरकल्या. भरतीचं पाणी धक्क्याला थपडा मारत होतं, नाव एकदा जवळ यायची, एकदा मागे जायची.

दिपाली उठली तेव्हा काही ठरवून उठली नव्हती असं म्हणता येईल, पण ते खरं नाही. उठायला तिला वेळ लागला. तिने आधी पर्स गळ्यात अडकवली, मग ओढणी कमरेला बांधली, मग आईचा पिवळा रंग डोळ्यांपुढे आणून नीट बघितला. त्यानंतर ती धक्क्याच्या कडेला गेली. दोर आला तो तिच्या डोक्यावरून मागे पडला. तो ओला, जड आणि शेवाळलेला होता. पोरांनी तो पकडला आणि दिपालीने त्यांच्या पुढे होऊन दोन्ही हातांनी धरला. नाव मागे गेली तसा दोर तिच्या तळहातांतून सरकला आणि कातडी सोलल्यासारखी आग झाली. तिने सोडला नाही. मागून कुणीतरी जोर लावत होतं. कोण ते बघायला तिला वळता येईना. मग कानाजवळ आवाज आला.

"पाय रोवा, मॅडम. हातानं न्हाय वडायचं, अंगानं वडायचं."

मृणाली होती. दिपालीने पाय रोवले. एवढे दिवस ही पोरगी तिच्या पुढ्यात बसून शिकत होती, आता मागे उभी राहून शिकवत होती, आणि दोन्हीकडे तिचा आवाज सारखाच खणखणीत होता.

नाव लागली. मासळी वर आली. मोठी मासळी निवडून तुळशीने विकायला बाजूला काढली आणि उरलेल्या घरच्या मासळीचे धक्क्यावर ढीग घालायला लागली. नेहमीचे ढीग तिने घातले. मग जरा थांबली, सासऱ्याकडे बघितलं नाही, नवऱ्याला विचारलं नाही, आणि शेवटच्या ढिगाशेजारी आणखी एक ढीग घातला. बांगडे, थोडी कोळंबी, एक लहानसा हलवा. सगळ्यांनी आपापले वाटे उचलले. तो एक राहिला.

 आसपासच्या बायकांची हालचाल मंद झाली. दिपाली खाली वाकली. तिच्याकडे पिशवी नव्हती, कुणी तिला पिशवी दिलीही नाही. तिने दोन्ही हातांची ओंजळ केली आणि मासळी उचलली. गार, बुळबुळीत, बोटांतून निसटणारी. आयुष्यात पहिल्यांदा तिने मासा हातात धरला होता आणि तिला शिसारी आली, ती तिने लपवलीही नाही. पण ओंजळ तिने छातीशी धरली.

नेमका त्याच वेळी पर्समधला फोन वाजायला लागला.

"मृणाली, बघ गं कोण आहे."

मृणालीने पर्समध्ये हात घातला, फोन काढला आणि पडद्यावरचं नाव वाचलं. आई. तिने फोन मॅडमच्या कानाला लावून धरला. इतक्या जवळ उभी राहिल्यावर तिला सगळं ऐकू जाणार होतं, आणि दिपालीने तिला लांब हो म्हटलं नाही.

आईने सांगितलं की खोलीचा रंग वाळला आहे, पंखाही लावून घेतलाय. मग विचारलं, कधी येतेस?

"आई, या मोसमात नाही जमणार."

 मृणालीने फोन आणखी घट्ट धरला.

"कसला मोसम?" आईने विचारलं.

"मासळीचा."

"तू कुठे आहेस? एवढा कसला आवाज येतोय?"

"धक्क्यावर. आई, माझे हात भरलेत. रात्री सगळं सांगते. बाबांनाही सांगते. रागावू नकोस."

 आई रागावली असती तर दिपालीकडे उत्तरं तयार होती. रडली असती तर कदाचित ओंजळ सुटली असती. पण ती जन्मभर वाट बघत आलेली बाई होती, तिला वाट बघण्याचे हिशेब येत होते.

"मोसम संपतो कधी?"

"मे अखेर."

"बरं," आई म्हणाली. "मग त्या खोलीत मी भाताची पोती टाकत नाही. मोकळीच ठेवते."

 दिपालीने नुसतं हूं केलं आणि मृणालीला मानेने खूण केली. मृणालीने फोन बंद केला, आपल्या ड्रेसला पुसला आणि पर्समध्ये ठेवून चेनही लावली. मग ती सोसायटीच्या इमारतीकडे धावत सुटली. तिच्यामागे आणखी दोघी, आणि घरांच्या दारांतून आणखी काही पोरं. त्यांना कुणी हाक मारली नव्हती.

हरेश्वर बर्फाच्या पेटीचं झाकण उघडून उभे होते.

"क्लास सुटंतवर इथं राहू द्या," ते म्हणाले. "खराब न्हाय व्हनार."

दिपालीने आपला वाटा बर्फावर ठेवला. म्हाताऱ्याने वरून आणखी बर्फ लोटला आणि झाकण लावलं. हा वाटा घरी नेऊन करायचं काय, हे तिला अजून माहीत नव्हतं. घरमालकीण खाते, तिला देता येईल. किंवा तुळशीला विचारायचं, सांभाळून कसं ठेवायचं ते. बघू पुढे, असं ती स्वतःशी म्हणाली.

ती जिना चढून वर गेली तेव्हा सगळ्या कॉम्प्युटरवरची प्लास्टिकं निघालेली होती. एका खुर्चीवर दोघं-दोघं बसली होती. खिडकीजवळ मृणाली आणि तिच्या शेजारी चक्क कमलेश, कोणाची पाळी आधी यावरून त्यांची जुंपली होती. दिपाली दारात उभी राहिली. तिच्या हातांना माशांचे खवले चिकटले होते आणि तळहात चुरचुरत होते. सगळी पोरं तिच्याकडे वळून एकदम बोलायला लागली.

"एकेकाने बोला," ती म्हणाली, आणि हात धुवायला पुन्हा खाली गेली.